सायकलवाला पहारेकरी

“संध्याकाळपर्यंत भिंती पांढऱ्याफटक दिसल्या पाहिजेत,” असं म्हणत पथकप्रमुखानं चुन्याची बादली पायानं पुढे ढकलली.

कंबोडियातल्या त्या विहारातून नव्या राजवटीनं भिक्षूंना वर्षापूर्वीच हाकललं होतं. आता तिथे भाताची पोती रचायची होती. चित्रं खरवडून वर चुना फासायला केसोर आणि सावोन या दोघींना जुंपलं होतं.

केसोर समोरच्या भिंतीकडे बघायचं टाळत होती. राजपुत्र सिद्धार्थ घोड्यावरून महाल सोडून निघालेला, देवांनी टापा तळहातांवर अलगद झेललेल्या, आणि खाली दाराशी पेंगणारा पहारेकरी. मनगटावर घड्याळ, हातात भाल्याऐवजी सायकल! त्याला बघून हसायला पूर्वी पंचक्रोशीतली माणसं यायची. चित्र केसोरच्या बापानं काढलेलं. पहारेकऱ्याला त्यानं स्वतःचाच चेहरा दिला होता, सुपासारख्या कानांसकट. तेच कान केसोरचे, डोक्यावरच्या पंच्यात दडवलेले. कलावंतांना शत्रू समजणाऱ्या राजवटीला मात्र तिनं सांगितलं होतं की बाप म्हशी राखायचा. खोटं उघडं पडलं तर बांबूच्या बनाकडे नेत. तिकडे गेलेलं कुणी परतलं नव्हतं.

प्रमुख नेमका त्या चित्रापाशीच थबकला.

“कुणी काढलं हे?”

“ठाऊक नाही, कॉम्रेड.” केसोर बादलीतला चुना ढवळू लागली.

त्यानं पहारेकऱ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “डोक्यावरचा पंचा सोड.”

तिची बोटं गाठीपाशी गेली, पण गाठ सुटेना.

“सोडू नको गं बाई!” सावोन शिडीवरूनच ओरडली. “कॉम्रेड, लांब उभे राहा. उवांनी नुसती बुजबुजलीय ती. काल माझ्याही डोक्यात चढल्या.”

प्रमुख दोन पावलं मागे सरला आणि थुंकून निघून गेला. केसोरनं गाठ पुन्हा घट्ट आवळली.

दुपारी पेज आली, प्रत्येकीला एक पळी. केसोरला बापाची कुरकुर आठवली: पेज माखलेल्या भिंतीवर चुना धरत नाही, चार पावसाळ्यांत पोपडे सुटतात. तिनं वाटीत बोटं बुडवली आणि पहारेकऱ्याच्या कपाळाला पेज लावली.

“डोकं फिरलंय का तुझं?” सावोन जवळ येऊन कुजबुजली. “खायचं अन्न भिंतीला?”

“माझा बाप...”

“काही सांगू नकोस! विचारलं तर मला खोटं बोलता येत नाही.”

“आणि उवा?”

“त्या खऱ्याच आहेत.” सावोननं आपली वाटी पुढे केली. “हं, घे. तुझ्या एकटीच्या पेजेत सायकल झाकेल फार तर. घोडा कशानं झाकशील?”

ते चित्र न खरवडताच दोघींनी पेजेवरून चुना फासला. पण खरवडलेल्या रंगाचा ढीग तर दिसायला हवा होता. म्हणून बाजूच्या भिंतीवरचे हत्ती, नावा, नाचणाऱ्या बायका त्यांनी खरोखरच खरवडल्या. केसोरनं डोळे मिटून विळा चालवला. निळी, तांबडी धूळ तिच्या पायांवर पडत राहिली.

दिवेलागणीला प्रमुख आला. त्यानं ओल्या चुन्यावर बोट ओढलं. बोटाला चुनाच लागला. त्यानं ढिगाकडे पाहिलं आणि पोती आत आणायला सांगितली. त्या रात्री दोघी उपाशी झोपल्या.

पुढे दोघींना दूर बंधाऱ्याच्या कामावर नेलं. राजवट कोसळली त्याच्या आदल्या पावसाळ्यात सावोन तापानं गेली. तिला तिथेच पुरलं. नंतर केसोर गावी परतली. दरवर्षी विहाराच्या भिंतीवरचा चुना थोडाथोडा सुटत गेला. आधी घोड्याचा कान दिसला, मग एक चाक.

बऱ्याच वर्षांनी शहरातून एक बाई वही घेऊन आल्या. जुन्या चित्रांच्या नोंदी करत त्या गावोगाव फिरत होत्या. घड्याळ पाहून त्या हसल्या आणि म्हणाल्या, “आजी, सगळीकडची चित्रं गेली. हे एवढं कुणी वाचवलं?”

“दोघी होतो आम्ही.”

बाईंनी पेन उघडलं. “तुमचं नाव?”

“माझं मागनं,” केसोर म्हणाली. “आधी सावोन लिहा.”