भूल चढेपर्यंत

"हा प्रश्न काढावा लागणार, सिस्टर," असं म्हणून नर्सिंग कॉलेजच्या मॅडमनी त्या ओळीवर आडवी रेघ मारली.

कामाच्या रेट्यात पेशंटचं काय काय करायचं राहून जातं, हे नर्सेसना विचारणारी ती प्रश्नावली मुळात वॉर्डसाठी होती. मॅडम ती ऑपरेशन थिएटरला लागू पडेल अशी करत होत्या. रेघ मारलेला प्रश्न थिएटरच्या या सिस्टरांनीच हट्टानं घालायला लावला होता: भूल चढेपर्यंत पेशंटजवळ थांबणं.

"चाचणीत सगळ्यांनी 'नेहमीच राहून जातं' असं लिहिलंय. उत्तरात फरकच नसला तर तो प्रश्न आकडेमोडीत टिकत नाही. मलाही पटत नाही हो, पण आमच्या मार्गदर्शक सरांपुढे माझं काही चालत नाही."

"सगळ्यांचंच राहतं, म्हणून विचारायचंच नाही?"

मॅडमनी पेनाचं टोपण लावलं.

गेल्या वर्षी सिस्टरांचा धाकटा भाऊ याच थिएटरमध्ये साध्या ऑपरेशनला आत गेला आणि परत आला नाही. नातेवाईक म्हणून सिस्टर दाराबाहेर. पुढे त्यांनी एकेकीला गाठून विचारलं, त्याला भूल देताना जवळ कोण होतं? एक सामान उघडत होती, दुसरी रक्तासाठी फोनवर होती. खोटं कुणीच बोललं नाही. एखादी बोलली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना अजून वाटतं.

थिएटरच्या कपड्यांना पदर नसतो, नाहीतर सिस्टरांनी तो पसरलाही असता. "निदान खाली कुठेतरी बारीक अक्षरात राहू द्या," त्या म्हणाल्या. मॅडम 'बघते' म्हणाल्या. तेवढ्यात आतून हाक आली.

टेबलावरच्या माणसाचे दोन्ही हात फळ्यांवर बांधलेले होते. "जाऊ नका हं," तो म्हणाला. सिस्टरांनी त्याचा हात हातात घेतला.

"गॉज मोजून झाले का?" सर्जननी विचारलं. दुसरी नर्स रजेवर होती. सिस्टरांनी हात सोडला, पाठ वळवली आणि रक्त टिपायच्या त्या घड्या मोजायला लागल्या. मोजताना मध्ये बोललं की आकडा चुकतो, पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागतं.

"सिस्टर, आहात ना?"

सिस्टर मोजत राहिल्या. शेवटचा गॉज बाजूला ठेवला आणि वळून म्हणाल्या, "आहे."

तो झोपला होता. फळीवरचा तळहात तसाच उघडा होता.