जतन न केलेला बदल

माधवनगरच्या छापखान्यात नाथाजींनी लेकीच्या लग्नपत्रिकेतून थोरल्या चुलतभावाचं नाव काढायला लावलं. साखरपुड्यापासून त्यांच्या मनात भावाबद्दल सलत होतं. डोक्यावरचं ओझं उतरल्यागत त्यांनी चहा मागवला. चहाआधी दारात चुलतभाऊच उभा.

"नाथा, हितंच हायस व्हय? दाव बघू पत्रिका. माझं नाव कुठं टाकलंयस?"

हंबीरराव खुर्ची ओढून बसले. ते रुसले की निम्मी भावकी मांडवातून उठते, हे त्यांच्या गावाला, सगळ्या कवठे महांकाळला, ठाऊक होतं. नाथाजींनी छापखान्याच्या जोतिबाला डोळ्यांनीच खुणावलं, मिटव ते!

जोतिबानं फुलीवर क्लिक केलं. जुना प्रोग्रॅम नुसतं 'जतन करू?' एवढंच विचारायचा. काय जतन करायचं ते सांगायचा नाही, मग पत्रिकांतून मामा-काका बेपत्ता व्हायचे. म्हणून जोतिबाच्या साताऱ्याच्या भाचीनं, ज्ञानदानं, नवा करून दिला होता. हा प्रोग्रॅम स्वभावानं फार सरळ. काही म्हणून लपवत नसे. पडदाभर चौकट उगवली:

'हंबीरराव' हे नाव काढले आहे. हा बदल अजून जतन केलेला नाही. जतन करा. सोडून द्या.

हंबीररावांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.

"कुनी काढलं?"

एवढं मात्र चौकटीत नव्हतं. जोतिबा की-बोर्डवरची धूळ फुंकायला लागला.

"मीच, दादा," नाथाजी म्हणाले. "साखरपुड्याला भरल्या ताटावरनं उठलासा तुमी. पोरगी किती रडली, म्हाईत हाय?"

हंबीरराव लालबुंद होऊन उठले. नाथाजींना रिकामा मांडव दिसू लागला. पण हंबीरराव दाराकडे गेलेच नाहीत. त्यांनी गालात बोट घालून ओठ बाजूला ओढला.

"ह्ये बघ. त्या दिशी सकाळीच दाढ काढली हुती. तोंडात कापसाचा बोळा. घास घालू कुठं?"

"आवं, मग सांगायचं न्हाई व्हय?"

"इचारलंस का तू? ह्ये मिशिन इचारतंय. तू न्हाईस इचारलं."

नाथाजींनी माऊस स्वतःच धरला. बाण 'सोडून द्या'वर नेला आणि दाबला.

नवी चौकट आली: नक्की?

"आता ह्ये लयच इचारतंय रं," म्हणत हंबीररावांनी नाथाजींच्या हातावर हात ठेवला आणि दोघांच्या जोरानं बटण दाबलं.

जोतिबानं पत्रिका पुन्हा उघडली. नाव जागच्या जागी होतं. हंबीरराव बराच वेळ न्याहाळत राहिले.

"नाथा, अक्षर जरा बारीक न्हाई वाटत?"