पोटभर पाणी

चनमल्लप्पानं बाजारातून घेतलेली दोन वासरं होटगीच्या रेल्वे यार्डात मालडब्यात दोन दिवस अडकून पडली. वैशाखाचं ऊन, आणि पाण्याचा थेंब नाही. शेवटी सकाळी बैलगाडीतून ती घरी आली, तेव्हा त्याच्या बायकोला, जगदेवीला त्यांच्या जिभा बघवेनात. तिनं त्यातल्या तांबड्याला हौदाशी नेलं. पोट टम्म होईस्तोवर ते प्यायलं. दुसऱ्या, बांड्याला उठताही येईना, ते गाडीतच पडून राहिलं.

तासाभरात तांबडं झोकांड्या खाऊ लागलं, रक्तासारखं लाल मुतलं, पाय झाडले आणि गेलं.

हौदात कुणीतरी विष कालवलं, असं चनमल्लप्पाच्या मनानं घेतलं. बांड्याला त्यानं थेंबभरही पाणी पाजू दिलं नाही. पण त्याच हौदावर प्यालेली म्हैस निवांत रवंथ करत होती. जगदेवीनं नवऱ्याच्या नकळत ओंजळभर पाणी पिऊन पाहिलं. तिलाही काही झालं नाही. मग वासरू मेलं कशानं? तिला आपल्याच हातांची भीती वाटू लागली.

दुपारी सोलापूरहून गुरांचे डॉक्टर वेणीमाधव आले. त्यांनी जमिनीवरचा लाल डाग पाहिला, किती प्यायलं ते विचारलं, आणि पाण्यानंच मेलं म्हणाले.

"तहानलेल्याला पाणी पाजलं तर मरतंय व्हय?" जगदेवीनं विचारलं.

डॉक्टरांनी समजावलं. उन्हात अंगातल्या पाण्याबरोबर मीठही जातं. मग एकदम हौदभर पाणी आलं की मूत्रपिंडांना ते बाहेर टाकणं उरकत नाही. रक्त पातळ होतं, त्यातले तांबडे कण फुगून फुटतात, मेंदूला सूज येते. म्हैस तहानेनं आटलेली नव्हती, म्हणून तिला काही झालं नाही.

"आता याला तांब्या तांब्यानं पाजा, चिमूटभर मीठ घालून," ते बांड्याकडे बघत म्हणाले. "आणखी मागेल. देऊ नका."

ते न देणं जगदेवीच्या जिवावर आलं. पाणी पाजणं पुण्याचं, असंच ती लहानपणापासून ऐकत आलेली. आणि आता वासरू हंबरून मान ताणत होतं, तर ती तांब्या पाठीमागं लपवून बसली होती. डॉक्टरांचं बोलणं तिला शब्दाशब्दानं आठवत होतं, पण पटत नव्हतं. तरी तिनं नेम मोडला नाही.

दिवस कलला तेव्हा बांडं धडपडत उठलं आणि कडब्याला तोंड लावलं.

शेजारची ईरम्मा विचारत आली, तांबडं कशानं गेलं.

"तहानेनं," जगदेवी म्हणाली. खरं सांगितलं की खोटं, तिचं तिलाच कळेना.