गरम टायरवरचा तळहात

डॉक्टरांनी मला धुराजवळ जायला बंदी केली, तेव्हा घरच्यांना वाटलं, चला, सिगारेट सुटली. सुटलं ते माझं मैदान.

ड्रॅग शर्यतीत दोन गाड्या सरळ पट्ट्यावर शेजारी उभ्या राहतात आणि एकदम सुटतात. त्याआधी चाकं जागच्या जागी गरगर फिरवून टायर तापवायचे. मग मी पुढे होऊन टायरवर तळहात टेकवायचो. रबर हाताला चिकटलं की अंगठा वर! जन्मभर मी तेच केलं.

आता गाडी माझी मुलगी चालवते. घरात तिला आम्ही घाई म्हणतो. जन्मालाही ती वेळेआधीच आली. यंदा तिने दांडगं इंजिन बसवलं आणि निवडीच्या पहिल्या दोन्ही फेऱ्यांत नुसता धूर काढला. तिसरी फेरी शेवटची. ती हुकली की हंगाम संपला. मी घरात, खिडक्या लावून, कानाला फोन धरून बसलेलो.

"बाबा, एवढी ताकद घातली, तरी गाडी पळत का नाही?"

"अगं, इंजिन चाक फिरवतं, पण गाडीला पुढे ढकलते जमीन. टायरची पकड असेल तेवढाच जोर ती घेते. त्याच्या वर दिलास की चाक घसरतं, आणि घसरलं की पकड आणखी कमी. अति तिथे माती. जरा हातचं राखून पाय दे."

"पण टायर तापला का, कोण सांगणार? तुम्ही नाही ना इथे."

"तुला हात नाही का? उतर आणि लाव."

"अगं बाई, सीटचे पट्टे सोडून कुठे निघालीस!" आमचा मेकॅनिक ढोल्या ओरडला. फोन त्याच्याकडे गेला. लांबून तिचा आवाज आला, "चिकटतंय, बाबा!"

चाक घसरलं की इंजिन किंचाळतं. मी त्या किंचाळीची वाट पाहत राहिलो. ती आलीच नाही. भरदार घरघर दूर दूर गेली आणि मी खुर्चीतच राहिलो. तिथे असावंसं इतकं मला कधीच वाटलं नव्हतं.

"काका, जमलं! निवड झाली!" ढोल्या म्हणाला.

संध्याकाळी घाई आली ती थेट बेसिनकडे. उजवा तळहात काळाकुट्ट.

"थांब," मी म्हणालो. "धुऊ नकोस एवढ्यात."

तिने नळ बंद केला, जवळ येऊन हात पुढे केला. मी तो नाकाशी नेला. खोकल्याची उबळ आली, पण मी हात सोडला नाही.