भांडार क्रमांक ०००१ ते २७४६

“जगात कोणतीच वस्तू हरवत नसते. फक्त तिची नोंद चुकलेली असते.”

बल्लारपूरच्या कारखान्यात सत्तावीस वर्षं स्टोअरकीपरी केल्यावर असं बोलायचा हक्क माणसाला मिळतो. मनसारामभाऊंनी तो याही वेळी बजावला, आणि पुन्हा आपला चष्मा शोधायला लागले. चष्मा त्यांच्या बायकोला, गोकुळाबाईंना, तांदळाच्या डब्यात सापडला.

कॉम्प्युटर सहा वर्षांनी खोक्यातून बाहेर निघाला होता. २००३ साली निवृत्त होऊन भाऊ गोंडपिपरीजवळच्या आपल्या गावी आले, तेव्हा त्यांनी तो दोन गोधड्यांत गुंडाळला, वर डांबरगोळ्या टाकल्या, आणि आतली गाणी सुखरूप आहेत या समाधानात सहा वर्षं त्यातलं एकही ऐकलं नाही.

आत २७४६ गाणी होती. लोक गाण्यांना नावं देतात. भाऊंनी नंबर दिले होते. नावात घोळ होतो, नंबरात होत नाही, हे त्यांचं स्टोअरमधलं मत. कोणत्या नंबरात कोणतं गाणं, ते एका जाडजूड रजिस्टरात. बल्लारपुरात गोकुळाबाईंना गाणं ऐकायचं झालं तर मागणीची चिठ्ठी भरावी लागे. दोन चिठ्ठ्या भरल्यावर त्यांनी रेडिओ लावायला सुरुवात केली.

या खेपेस मात्र त्यांना हवं ते रेडिओवर लागणारं नव्हतं. परवा मुलीची, पायलची, हळद. हळदीचं ते लांबलचक गाणं गावात एकट्या मनकर्णाबाईला, म्हणजे गोकुळाबाईंच्या आईला येत होतं, आणि मनकर्णाबाई मागच्या उन्हाळ्यात गेली. गोकुळाबाईंना पहिल्या दोन ओळी आठवत. पुढे नुसती चाल. पण भाऊंनी एकदा सासूला टेपसमोर बसवलं होतं. ती कॅसेट त्यांनी कॉम्प्युटरमध्ये उतरवून घेतली आणि वाया जाऊ नये म्हणून तिच्यावर भजनं भरली.

“मंग काढा ना रजिस्टर,” गोकुळाबाई म्हणाल्या.

रजिस्टर सापडलं. खोक्याच्या तळाशी होतं, कॉम्प्युटर डगमगू नये म्हणून. गोधड्या आणि डांबरगोळ्या कॉम्प्युटरच्या वाट्याला आल्या होत्या, वाळवी रजिस्टरच्या. भाऊंनी उचललं तर पुठ्ठा हातात आला आणि बाकी सगळी पद्धत भुसा होऊन जमिनीवर सांडली.

भाऊंनी पुठ्ठ्यावरचा भुसा झटकला.

“एक नंबरापासून ऐकत जायचं,” ते म्हणाले.

“परवा हळद हाये जी! पोरीच्या नातवाच्या हळदीले सापडवून राह्यले का तुमी?”

भाऊ बसले. ०००१ लावलं. ०००२ लावलं. काही गाणी दोनदा नोंदलेली निघाली, एक तर पाचदा. भाऊंनी ते कोणाला सांगितलं नाही. ००६१ वर लाइट गेली ती दुपार कलल्यावर आली. तेवढ्यात शेजारच्या केसरबाई हळद कांडायला आल्या. खोलीत डोकावून म्हणाल्या, “भाऊ, लगन आधी पायलचं हाये का या डब्याचं?”

संध्याकाळी चहाच्या बशीखाली एक चिठ्ठी निघाली. अक्षर गोकुळाबाईंचं. मालाचे नाव: आई. नग: एक.

सत्तावीस वर्षांत भाऊंनी कोणतीही मागणी उत्तराशिवाय परत केली नव्हती. ‘माल शिल्लक नाही’ असा एक शिक्का असायचा, पण तो कारखान्यातच राहिला होता. त्यांनी चिठ्ठी चष्म्याच्या घरात ठेवली आणि ००९४ लावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पायल आली आणि बापाच्या खांद्यावरून वाकली.

“बाबा, आजीचं गाणं कवा भरलं होतं यात?”

“ते रजिस्टरात...”

“रिटायर होयाच्या आदल्या साली पोळ्याले गेलो होतो आईकडं,” गोकुळाबाई दारातून म्हणाल्या. “येऊन लगेच भरलं यायनं. गणपती बसाचे होते अजून.”

पायलनं कुठंतरी बोट दाबलं. २७४६ गाणी मुकाट्यानं तारखेप्रमाणे रांगेत उभी राहिली. त्या सालच्या पोळा आणि गणपती यांच्या मधल्या चार दिवसांत एकच नंबर होता. १८९३.

“ही काही पद्धत नाही,” भाऊ म्हणाले. पण हळू.

संध्याकाळी बायका जमल्या. गाणं उतरवून घ्यायला केसरबाई वही-पेन घेऊन पुढेच बसल्या. आधी खरखर झाली, मग आवाज आला. तो भाऊंचा होता.

“नमस्कार. लोकगीत हे समाजाचं अमूल्य भांडार असून, त्याची योग्य नोंद ठेवणं...”

नोंदीचं महत्त्व पाच मिनिटं चाललं. नंतर भांडारांचे प्रकार आले.

“भाऊ, हेच म्हनाचं का हळदीले?” केसरबाईंनी विचारलं.

भाऊ पडद्याकडे पाहत होते. रेकॉर्डिंग किती उरलं ते दाखवणारी पडद्यावरची रेघ सरकत सरकत टोकाशी आली होती, आणि ती थांबवायची, मागे न्यायची, लांबवायची कोणतीही पद्धत त्यांना ठाऊक नव्हती.

“...तर आता, ऐकू या.”

आतून कोणीतरी खोकलं. तो खोकला ऐकून गोकुळाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. केसरबाईंनी पेन टेकवलं.

“गाते जी जवाई,” मनकर्णाबाई म्हणाली, “पन तो टेप बंद करा अगुदर, अन् मले थोडकसा चुना द्या.”