कप्तानाची खुर्ची

आमच्या वर्तमानपत्रात खेळाचं पान सामन्याच्या आधी लागतं. बाहेरच्या माणसाला हे खोटं वाटतं, पण खरं आहे. सकाळीच जागा वाटून होते : वरचं अर्धं पान पुरुषांच्या फुटबॉल संघाला, खाली टायरची जाहिरात आणि उजव्या कडेला ‘थोडक्यात’. मग संघाने दिवसभरात जिंकायचं की हरायचं, ते त्याचं त्याने बघावं. जिंकला तर ‘झुंजार’, हरला तर ‘झुंजार पण दुर्दैवी’. गेल्या हंगामात दुर्दैव इतकं नियमित होतं, की तो मथळा आम्ही पुसायचं सोडून दिलं.

महिलांचा फुटबॉल ‘थोडक्यात’मध्ये येतो. वर कॅरमचा निकाल, खाली बुद्धिबळाच्या एखाद्या पंचाचा सत्कार, मध्ये मुली. हा कोपरा माझ्याकडे आहे. आणि त्या संघाची गोलरक्षक माझी सख्खी भाची आहे. मैत्रिणी तिला ‘भिंत’ म्हणतात. भिंतीला कान असतात हे ऐकलं होतं. हिला तोंडही आहे.

हंगामाच्या शेवटी ती थेट कचेरीत आली आणि माझ्यासमोरचा चहा पिऊन टाकून म्हणाली, “मामा, एक फोटो पाहिजे.”

“काढून घे की. कॅमेरेवाला इथेच झोपलाय.”

“काढलेला नको, छापलेला पाहिजे.”

मग तिने सांगितलं ते असं. संघाचा खर्च एक गाद्या बनवणारी कंपनी करायची. मैदानाचं भाडं, बस, बूट, सगळा. बदल्यात शर्टांवर कंपनीचं नाव. आता कंपनीच्या जाहिरात अधिकाऱ्याने निरोप धाडला होता : नाव वाचता येईल असा एक तरी फोटो रविवारच्या शेवटच्या सामन्यानंतर पेपरात दिसला, तर पुढचं वर्ष, नाहीतर राम राम. शर्ट कोणी बघतच नसेल तर आम्ही काय फक्त धुलाईला पैसे देतो का, असं तो म्हणाला होता.

“आणि बंद झालं तर तू काय करणार?”

“भिंतीला काय, कुठेही उभी. आई दोरी बांधून कपडे वाळत घालेल.”

ती हसली, पण जाताना माझी बिस्किटं तशीच टाकून गेली. हे तिच्या बाबतीत गंभीर लक्षण आहे.

मी क्रीडा संपादकांकडे गेलो. साहेब तत्त्वाचे पक्के.

“फोटो द्यायला माझी ना नाही हो,” ते म्हणाले. “पण त्यांची ती गादीवाली कंपनी आपल्याला जाहिरात देते का?”

“फोटो आला तर देतील, साहेब.”

“आणि जाहिरात आली तर आपण फोटो देऊ. म्हणजे दोघांचं एकमत आहे. मग अडलंय कुठे?”

“पण लोकांनाही बघायला आवडेल, साहेब...”

“लोकांनी कधी मागितलंय? एक तरी पत्र दाखवा.”

कॅरमबद्दलही कधी पत्र आलं नव्हतं. पण साहेब तरुणपणी कॅरम खेळायचे, म्हणून मी माझ्या कोपऱ्याकडे परतलो.

रविवारी पुरुषांचा मोठा सामना होता. मैदानाखाली हिरवळीला पाणी देणारी नवी नळयोजना बसवली होती, ती सकाळी फुटली आणि मैदानाचं तळं झालं. सामना रद्द. शेजारच्या मैदानावर मुलींचा सामना मात्र वेळेवर सुरू झाला, कारण त्या मैदानाला पाण्याची जोडणीच नव्हती.

संध्याकाळी कचेरीत अर्धं पान पांढरंफटक. साहेब डोक्याला हात लावून बसले होते. न झालेल्या सामन्यावर आम्ही जमेल तेवढं लिहिलं : चाहत्यांची निराशा, प्रशिक्षकांचा संयम, नळ बसवणाऱ्याचा खुलासा. तरी पान भरेना.

“कप्तानाचा फोटो टाका मोठा,” साहेब म्हणाले.

कॅमेरेवाला म्हणाला, “कप्तान घरी जायच्या ऐवजी शेजारच्या मैदानावर जाऊन उभा राहिला होता. तोच काढलाय.”

फोटो पडद्यावर आला. डावीकडे कप्तान, हाताची घडी, चेहऱ्यावर गाडी चुकल्यासारखा भाव. आणि त्याच्या कानामागे, गोलासमोर, माझी भाची जमिनीला समांतर. बोटांच्या टोकावर चेंडू. छातीवर गादीच्या कंपनीचं नाव, वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत स्वच्छ.

“मागचं काप,” साहेब पान लावणाऱ्याला म्हणाले.

त्याने कापून पाहिलं. कप्तान एकटा उरला, पण माणूस उभा आणि जागा आडवी. दोन्ही बाजूंना पांढरं राहिलं. ताणून पाहिला तर कप्तान टायरच्या जाहिरातीतला वाटायला लागला.

“राहू दे मागचं,” साहेब कंटाळून म्हणाले.

अशा रीतीने महिला फुटबॉलला इतिहासात पहिल्यांदा अर्धं पान मिळालं; एकटा पुरुष त्याला पुरला नाही म्हणून.

“फोटोखाली मागच्या मुलीचं नाव टाकू?” मी विचारलं.

“कोण आहे ती?”

“माझी भाची.”

“मग नको. वशिला दिसतो.”

तेव्हा फोटोखाली छापलं : ‘सामना रद्द झाल्याने हिरमुसलेला कप्तान शेजारच्या मैदानावर वेळ घालवताना.’ मुली जिंकल्या, ते ‘थोडक्यात’मध्ये होतं. ज्यांचं लक्ष गेलं असेल त्यांचं गेलं.

गादीवाल्यांचं गेलं. जाहिरात अधिकाऱ्याने पुढच्या वर्षाचा करार केला, एक अट घालून : फोटोत कप्तान दिसला पाहिजे. कप्तानाशीही वेगळा करार झाला. त्याने मुलींच्या सामन्यांना यायचं आणि बसायचं. बसण्याचे त्याला जे पैसे मिळत, त्यात मुलींच्या दोन बस आल्या असत्या, असं माझी बहीण फोनवर म्हणाली. “तुझ्या पेपरात हे छाप,” असंही म्हणाली. मी म्हटलं, बघतो. आमच्या धंद्यात याचा अर्थ सगळ्यांना कळतो.

भाचीने तक्रार केली नाही. तिने एक खुर्ची आणली. चांगली, हातांची, खाली गादी. ती तिने गोलाच्या शेजारी अशा कोनात मांडली, की कप्तानाचा कुठूनही फोटो काढला तरी मागे गोल यावा. अडचण एकच होती. मध्यंतराला संघ बाजू बदलतात. म्हणून मध्यंतराला दोन राखीव खेळाडू यायच्या, कप्तानाला “उठा दादा” म्हणायच्या आणि खुर्ची उचलून दुसऱ्या टोकाला न्यायच्या. कप्तान पाण्याची बाटली घेऊन मागोमाग चालायचा. पोरगा वाईट नव्हता. चौथ्या-पाचव्या सामन्याला तो नियमांबद्दल पंचांशी भांडायला लागला. हंगामाच्या मध्याला ‘महिला फुटबॉलमधील योगदानाबद्दल’ त्याचा सत्कारही झाला. ती बातमी आम्ही तीन कॉलम दिली.

मग मुली अंतिम सामन्यात पोचल्या, आणि त्याच दिवशी, त्याच वेळी पुरुषांचा सामना परगावी. कप्तान येणार नव्हता. गादीवाल्यांनी आठवण करून दिली : कप्तान नाही तर फोटो नाही, फोटो नाही तर...

“सामना पुढे ढकलता येईल का विचारलंस?” मी भाचीला फोनवर म्हणालो.

“कोणाचा, मामा? आमचा की त्यांचा?”

मी ‘थोडक्यात’ची चौकट आखायला लागलो.

“तू फक्त कॅमेरेवाला पाठव,” ती म्हणाली. “कप्तानाबद्दल बातमी आहे म्हणून सांग.”

“काय बातमी?”

“तो आला नाही.”

पाठवला. संध्याकाळी फोटो पडद्यावर आला. गोलाशेजारी रिकामी खुर्ची. तिच्यामागे भाची हवेत, चेंडू बोटांवर, नाव छातीवर. पुरुषांचा संघ त्या दिवशी झुंजार पण दुर्दैवी होता. ते मथळ्यात आधीच लागलेलं होतं.

साहेबांनी चष्मा वर केला. “खुर्चीवर कोणीच नाही?”

“नाही, साहेब.”

“कप्तानाची रिकामी खुर्ची.” त्यांनी मान डोलावली. “ही खरी बातमी. मोठा लावा. आणि फोटोखाली चार ओळी भरून लिहा.”

मी लिहायला बसलो. खुर्ची कोणाची, ती रिकामी का, कप्तान कुठे होता, हे सगळं तीन ओळींत संपलं. खुर्ची फारसं काही करत नाही. साहेबांकडे पाहिलं, तर ते घड्याळाकडे पाहत होते.

“एक ओळ उरते, साहेब.”

“मग घाला काहीतरी. मागे काय चाललंय ते घाला.”

मी घातलं. मुली जिंकल्या होत्या. भाचीचं नाव पूर्ण लिहिलं, आडनावासकट, म्हणजे ओळ बरोबर भरली.

सकाळी तिचा फोन आला. मला वाटलं, आभार मानेल.

“मामा,” ती म्हणाली, “गादीवाल्यांना रिकामी खुर्चीही चालली. पुढच्या वर्षी कप्तानाला काही सांगू नकोस. तो नाही आला तरच बरं.”