मरोळचा निळा रेक्टिफायर

मित्रांनो, मी एक जुना रेक्टिफायर आहे. नाव जड, पण काम सोपं. घरच्या तारेतून येणारी वीज क्षणात पुढे जाते, क्षणात मागे येते. तिचं मन काही ठरत नाही. मी तिला एकाच दिशेने सोडतो. पुढे ती कुठे जाते, काय करते, हे मला कोणी सांगितलं नाही. माझ्या आयुष्यातला सगळा गोंधळ तिथूनच सुरू झाला.

एकसष्ट साली घाटकोपरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये मी तयार झालो. सेलेनियमचा थर दिलेल्या चकत्या दांड्यात ओवल्या, खाली ट्रान्सफॉर्मर बसवला आणि सगळं लोखंडी पेटीत बंद केलं. पेटीच्या डोक्यावर दोन पितळी खुंट्या. एकीजवळ अधिकची खूण, दुसरीजवळ उणेची. बोरीवलीच्या एका गॅरेजात मी टॅक्सीच्या बॅटऱ्या चार्ज करू लागलो, तेव्हा लोक माझ्या पाठीवर थाप मारून "झकास मशीन!" म्हणत. मग एके दिवशी तिथे सुपारीएवढे सिलिकॉनचे डायोड आले. ते माझंच काम करत आणि तापतही कमी. मला कोपऱ्यात सारलं. मी तर कालच्यासारखाच चालत होतो, मग कालचा लाडका आज नकोसा कसा झालो?

त्या कोपऱ्यातून मला उचललं ते मरोळ गावठाणातल्या इसिडोरने. घरामागच्या पडवीत तो भांड्यांना आणि सायकलच्या हँडलांना निकेलचं गिलेट, म्हणजे मुलामा, करत असे. हिरव्या पाण्याच्या टाकीत एका बाजूला निकेलची पट्टी टांगायची, दुसऱ्या बाजूला वस्तू. पट्टी माझ्या अधिकच्या खुंटीला, वस्तू उणेच्या. मी वीज सोडली की वस्तूवर निकेल चढे. माणूस हौशी, पण घाईचा. खुणा तो कधी बघतच नसे. "खिडकीकडची खुंटी अधिकची," एवढं त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

मे महिन्यात गावठाणातल्या क्रुसाचा सण येतो. त्याआधी घरोघर रंग निघतो. इसिडोरची बायको एथेल तर रंगाची भारी शौकीन. खिडक्या झाल्या, बाकं झाली, कोंबड्यांचं खुराडं झालं, तरी डब्यात निळा रंग उरला. तिने मला अंगणात नेलं आणि डोक्यापासून पायापर्यंत रंगवलं. खुंट्या तेवढ्या पुसून घेतल्या, खुणा मात्र रंगाखाली गेल्या. परत ठेवताना माझी पुढची बाजू मागे गेली आणि खिडकीकडे आली उणेची खुंटी. खुंट्या फिरल्या हे मला कळलं, त्याने पुढे काय होईल ते नाही. आणि सांगायला मला तोंड कुठे आहे?

त्याच आठवड्यात इसिडोरचा थोरला भाऊ मार्कस आपलं कॉर्नेट, बँडमधला छोटा पितळी कर्णा, घेऊन आला. गावच्या बँडमध्ये त्यांचे वडील हेच वाजवत. मार्कसच्या मुलीचं, मोनिकाचं लग्न होतं. आमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी बाया वाजतगाजत विहिरीवर जाऊन नवरीच्या अंघोळीसाठी पाणी आणतात, त्याला उंबराचं पाणी म्हणतात. त्या वाटेवर मार्कसला हेच वाजवायचं होतं.

"इसू, आरशासारखं चकाकलं पाहिजे हां! बाबाचं आहे."

"तू फिकीर नको करू, दादा."

इसिडोरने तारा जोडल्या, मला चालू केलं आणि तो जेवायला गेला. मी इमानाने वीज सोडत राहिलो. तो परतला तेव्हा कॉर्नेटवर निकेल चढलं नव्हतंच, उलट पितळच टाकीत विरघळलं होतं. नळी जागोजाग पोखरली होती.

"वाट लागली!" तो ओरडला आणि त्याने मला लाथ घातली. "हे डबडंच फिरलं!"

मी फिरलो? मी तर आयुष्यात कधी उलटा चाललो नव्हतो. मग चूक कुणाची? मला काहीच उमजेना.

जरा शांत झाल्यावर त्याने एथेलकडे बटाटा मागितला. तो कापून त्यात माझ्या दोन्ही तारा खोचल्या. तांब्याची तार हिरवी पडते ती बाजू अधिकची, ही जुनी परीक्षा. हिरवा डाग पडला तो खिडकीकडच्या नव्हे, दुसऱ्या तारेपाशी. इसिडोरने माझ्या निळ्या डोक्यावरून बोट फिरवलं. रंगाखाली त्याला अधिकची खूण लागली.

"काय झालं वो?" एथेलने विचारलं.

"काय नाय. जेव तू."

संध्याकाळी मार्कस आला. पोखरलेली नळी बघून तो मटकन बाकावर बसला. मला फार वाईट वाटलं.

"दादा, हात माझाच चुकला," इसिडोर म्हणाला. "तारा उलट्या लावल्या मी."

इतक्यात एथेल दारात आली. तिच्या हातात रॉकेलचा बोळा होता आणि बोटं निळी झाली होती. "भावोजी, ते खोटं सांगतात. खुणा मी बुजवल्या, मशीन मी फिरवलं. आत्ता पुसून बघितलं मी."

"तू गप गं! बघायचं काम माझं होतं."

"आणि रंग कुणाचा होता?"

मार्कस एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिला. "अरे, नुकसान एक आणि त्याला धनी दोन?" तो म्हणाला, आणि डोळे पुसता पुसता हसू लागला. मलाही सांगावंसं वाटलं, की वीज तर माझीच होती.

एथेलने भोकांत मेण भरलं. बँडमधल्या एकाने देऊ केलेलं चकचकीत कॉर्नेट मार्कसने घेतलं नाही. उंबराच्या पाण्याला त्याने वडिलांचंच वाजवलं. पडवीत मला ते ऐकू आलं. सूर घोगरा होता, पण मोनिका म्हणे सगळ्यांच्या पुढे नाचत होती.

म्हणून मित्रांनो, जुन्या वस्तूला रंग खुशाल द्या, पण तिच्या खुणा झाकू नका. आणि लाथ घालण्याआधी तिची एकदा परीक्षा घ्या. वीज कुठल्या बाजूला जाते हे मला पक्कं ठाऊक आहे. पण दुसऱ्याची चूक ओढून आपल्या अंगावर घेणारी ही माणसं कुठल्या बाजूने चालतात, ते मला अजून उमगलेलं नाही.